पहिली दहा मिनिटं फक्त!

जिमची वर्षाची फी भरून झाली, शूज आले, ट्रॅकपॅन्टही आली. पण व्यायाम काही होईना! व्यायामाचं महत्त्व सगळ्यांना कळतं, वळत मात्र नाही. मग तो चक्क आवडायला कधी लागतो? पुण्याच्या आयटी पार्कातून जालन्याच्या मोतीबागेत येऊन पडलेल्या एका आळशी मुलीची ही गोष्ट.

आधी एक हिशेब. पुण्यात असताना मी एका झकास एसी जिमची वर्षाची फी भरली होती. १४,००० रुपये. जानेवारी महिना, 'न्यू इयर ऑफर', वर एक टी-शर्ट फुकट. वर्ष संपलं तेव्हा मी बसून मोजलं, तर मी तिथे एकूण १९ वेळा गेले होते. म्हणजे एका खेपेला साधारण ७३७ रुपये! त्यातली एक खेप तर लॉकरमध्ये विसरलेला टिफिनचा डबा आणायला होती. एवढ्या पैशात दर वेळी दोघींचं मस्त जेवण झालं असतं, आणि त्याला मी एकदाही दांडी मारली नसती.

हे वाचून हसत असाल तर जरा थांबा. तुमच्या घरातल्या ट्रेडमिलवर सध्या काय वाळतंय? टॉवेल ना?

आपण एकटे नाही, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेतल्या डेलाविग्ना आणि मालमेंडिअर या दोन अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये एक पेपर लिहिला. तीन हेल्थ क्लबांच्या साडेसात हजारांहून जास्त मेंबर्सची हजेरी त्यांनी तपासली. महिन्याला ७० डॉलरहून जास्त फी भरणारी ही मंडळी महिन्यातून सरासरी चारेक वेळाच तिथे फिरकत होती. एका खेपेला १७ डॉलरच्या वर पडत होते. त्याच क्लबात दहा खेपांचा पास घेतला असता, तर खेपेला १० डॉलरमध्ये भागलं असतं! हे वाचून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. फी भरताना आपण 'उद्याच्या मी'साठी भरत असतो. ही उद्याची मी भलतीच गुणी असते. पहाटे उठते, मोड आलेले मूग खाते. उजाडल्यावर अलार्म बंद करायला मात्र आजचीच मी हजर असते.

'दुकानात उभाच असतो की!'

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पप्पांची अँजिओप्लास्टी झाली. छत्रपती संभाजीनगरच्या हॉस्पिटलमधून त्यांना जालन्याला घरी आणलं, आणि मी ऑफिसकडून वर्क फ्रॉम होम मागून घेतलं. एका महिन्यासाठी म्हणून आले आणि वर्षभर राहिले, ती गोष्ट वेगळी.

पप्पांचं बी-बियाण्याचं दुकान आहे. जालन्यात हे सांगणं म्हणजे कोल्हापुरात 'आमचं चपलांचं दुकान आहे' असं सांगण्यासारखं आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली, आणि तेव्हापासून हे गाव बियाण्यांचं गाव झालं. 'जालना सोने का पालना' असं आमच्याकडे म्हणतात. आता त्या पाळण्यात बियाण्यांच्या जोडीला स्टीलच्या सळ्याही आहेत. पण बियाणं विकणाऱ्या माणसाचा स्वतःचा व्यायाम काय? सकाळी गादीवर बसायचं, रात्री उठायचं. डिस्चार्ज देताना डॉक्टरांनी सांगितलं, रोज चालायचं. पंधरा मिनिटांपासून सुरुवात करा, हळूहळू वाढवा, छातीत दुखलं किंवा दम लागला तर लगेच थांबा.

पप्पा डॉक्टरांना 'हो' म्हणाले. घरी आल्यावर म्हणाले, "दिवसभर दुकानात उभाच असतो की मी!"

माझंही काही वेगळं नव्हतं. त्याच महिन्यात ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आला होता. एचबीए-वन-सी ५.९. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस. वय वर्षं २९! मी तो पीडीएफ वाचला आणि 'नंतर बघू' नावाच्या फोल्डरमध्ये टाकला. हे फोल्डर प्रत्येकाच्या लॅपटॉपवर असतं, नाव फक्त वेगळं असतं.

शेवटी आईनेच तोडगा काढला. म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांना घेऊन जा. सकाळी दोन तास मला घर मोकळं मिळू द्या."

मग काय! डिसेंबरातली एक सकाळ, दोन स्वेटर, एक मफलर, एक माकडटोपी आणि अजिबात इच्छा नसलेली दोन माणसं मोतीबागेच्या फाटकाशी उभी राहिली.

एकही जण बोललं नाही

मोतीबाग म्हणजे जालन्याचं फुप्फुस वगैरे मी लिहिणार नाही. ती एक साधी बाग आहे आणि तिच्या शेजारी मोती तलाव आहे. पण सकाळी तिथे जे दिसतं, ते मला आमच्या पुण्याच्या जिममध्ये कधी दिसलं नाही. तिथे सगळे कानात हेडफोन घालून स्वतःच्या आरशातल्या प्रतिबिंबाकडे बघत असायचे. इथे साड्यांवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या काकूंचा घोळका, कोपऱ्यात हात वर करून जोरजोरात हसणारे आजोबा, बाहेर गाडीवर कारल्याचा रस. आणि रस्त्यावरून छाती पुढे काढून धावणारी भरतीची पोरं.

पहिल्या दिवशी आम्ही पंधरा मिनिटं चाललो आणि एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. थंडी बोचत होती. माझे पाय जड. पप्पांचा चेहरा असा, की जणू मी त्यांना इन्कम टॅक्सच्या ऑफिसात घेऊन चालले आहे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी अंथरुणातच ठरवलं, की आज पप्पाच 'नको' म्हणाले तर बरं. नंतर कळलं, पलीकडच्या खोलीत पप्पाही नेमके तेच ठरवत होते!

चौथ्या की पाचव्या दिवशी एक गंमत लक्षात आली. निघताना जेवढं जिवावर यायचं, तेवढं परत येताना वाईट वाटत नव्हतं. उलट चहा जास्त गोड लागायचा (बिनसाखरेचा असूनही). वाईट असायची ती पहिली आठ-दहा मिनिटंच. पण रोज सकाळी अंथरुणातून मी जो व्यायाम डोळ्यांसमोर आणायचे, तो त्या दहा मिनिटांचाच असायचा. पुढचा भाग मनात यायचाच नाही.

हे माझं एकटीचं तत्त्वज्ञान नाही. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या मॅथ्यू रुबी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये नेमकं हेच दाखवलं. व्यायामाआधी लोकांना विचारलं, किती मजा येईल? व्यायामानंतर विचारलं, किती आली? योगा असो की वजनं उचलणं, लोकांचा आधीचा अंदाज कमीच निघाला. कारण अंदाज बांधताना त्यांचं सगळं लक्ष सुरुवातीच्या नकोशा भागावर होतं. आणि व्यायामातला स्वतःच्या आवडीचा भाग आधी घेतला, की लोकांना तो व्यायाम आधीपासूनच जास्त बरा वाटू लागला.

मला हा फंडा जाम आवडला. आमच्या फेरीतला आवडता भाग म्हणजे तलावाकडची बाजू. पाणी, बगळे, उजाडणारं आभाळ. ती आम्ही शेवटी ठेवायचो, लहानपणी ताटातला गुलाबजाम शेवटी ठेवायचो तशी. दुसऱ्या दिवसापासून गुलाबजाम आधी!

पळायलीस कुठं?

आता माझी चूक सांगते. दुसऱ्या आठवड्यात मला अंगात जोर आल्यासारखं वाटलं. पप्पांना बाकावर बसवलं आणि मी भरतीच्या पोरांच्या मागे पळत सुटले. जालन्यात या पोरांची कमी नाही. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ३ इथलाच, पोलीस प्रशिक्षण केंद्रही इथलंच. पोलीस शिपाई भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, राखीव दलाला तर थेट ५ किलोमीटर. ही पोरं सेकंदांच्या हिशेबात जगतात. मी चारशे मीटरमध्ये कमरेवर हात ठेवून उभी. दुसऱ्या दिवशी नडग्या इतक्या दुखल्या, की जिना उतरताना कठडा धरावा लागला.

साडीवाल्या काकूंपैकी एकीने मला बघितलं. म्हणाल्या, "पोरी, एवढं पळून जायलीस कुठं? चल आमच्यासोबत."

काकूंचा वेग बघून मी मनातल्या मनात हसले होते. पण काकू अख्खा तासभर चालत होत्या, आणि तासभर बोलत होत्या! सुनेचा डबा, भिशी, नळाला पाणी किती दिवसांनी आलं, सगळं. नंतर मी वाचलं, की तज्ज्ञ सांगतात तो 'टॉक टेस्ट' म्हणजे हाच. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. दोन शब्दांनंतर धाप लागते, तो जोरदार. आणि व्यायाम-मानसशास्त्रात पॅन्टेलिमॉन एक्केकाकिस यांनी वर्षानुवर्षं केलेलं काम असं सांगतं, की नीट बोलता येईनासं होण्याची ती हद्द ओलांडली, की बहुतेकांना व्यायामात वाटणारं सुख झपाट्याने घसरतं. म्हणजे आपण व्यायामाला कंटाळत नाही, आपण नको तेवढ्या जोरात सुरू करतो आणि त्या हाल होण्याला कंटाळतो. शाळेत पी.टी.च्या तासाला शिक्षा म्हणून ग्राउंडला चकरा मारायला लावायचे, आठवतं? पळणं म्हणजे शिक्षा, हे तिथेच पक्कं डोक्यात बसलं. त्याबद्दल त्या सगळ्या सरांवर माझा थोडा राग आहे.

काकूंमध्ये जाण्याचा अजून एक फायदा झाला. गावात एकटी मुलगी ट्रॅकपॅन्ट घालून पळते म्हटलं की चार माना वळतात. घोळक्यात असलं की कुणी बघत नाही. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ मध्ये आलेल्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७ टक्के. बायका आळशी असतात म्हणून का? माझ्या आईला विचारा. सकाळी सहाला बाईला घराबाहेर पडता येतं का, हा तो प्रश्न आहे. काकूंपैकी दोघी घरी देवळात जातो असं सांगून यायच्या. (हे छापू का, असं मी त्यांना विचारलंय. 'नाव नको लिहू' म्हणाल्या.)

भरतीच्या एका मुलीशी माझी ओळख झाली. २०२४ च्या जूनमध्ये मैदानी चाचणी झाली, पुढे थोड्या मार्कांनी तिचं राहिलं. मला वाटलं, आता ही दिसणार नाही. पावसाळ्यात एका सकाळी पुन्हा दिसली, एकटीच पळत होती. पुढच्या भरतीची तयारी का, म्हणून विचारलं. म्हणाली, "भरतीचं बघू पुढं. पण नाही पळालं की दिवसभर डोकं जड होऊन राहायलंय मॅडम." दोन वर्षं तिने स्टॉपवॉचसाठी पळून काढली होती. त्यात पळणं कधी आवडायला लागलं, हे तिचं तिलाही कळलं नव्हतं.

मोंढ्यातल्या गोष्टी

पुण्यातल्या माझ्या मैत्रिणीने मला एक आयडिया पाठवली होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कॅथरीन मिल्कमन यांचा प्रयोग आहे. काही लोकांना उत्कंठावर्धक कादंबऱ्यांचे ऑडिओ दिले, पण ते फक्त जिममध्येच ऐकायचे, बाहेर नाही. पुढे काय होतं हे ऐकण्यासाठी तरी माणूस जिमला जाईल! आणि गेलेही. सुरुवातीला या लोकांच्या जिमच्या खेपा इतरांपेक्षा ५१ टक्क्यांनी जास्त होत्या. मग थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली आणि सगळं बारगळलं. आपल्याकडे दिवाळी येते तसं.

मी लगेच एक मर्डर मिस्टरी डाउनलोड केली. पण पप्पांसोबत चालताना हेडफोन घालणं बरं दिसेना. मग बोलायचं काय? दहा वर्षं मी पुण्यात. आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे 'जेवलीस का', 'हो', 'आईला दे'. पहिले काही दिवस पप्पा झाडं दाखवत होते. मग एक दिवस जुन्या मोंढ्यातली एक गोष्ट निघाली. त्यांच्या तरुणपणी एका व्यापाऱ्याने उधारीवर दिलेल्या बियाण्याचा माल, त्यावर पडलेला दुष्काळ आणि त्या शेतकऱ्याने सात वर्षांनी बैलगाडीतून आणून दिलेले पैसे. गोष्ट अर्धी झाली आणि आमची फेरी संपली. पप्पा म्हणाले, "बाकीचं उद्या."

दुसऱ्या दिवशी अलार्मच्या आधी मला जाग आली. मिल्कमनबाईंच्या ऑडिओपेक्षा माझी मालिका सरस होती, आणि ती फक्त मोतीबागेतच लागायची! घरी आल्यावर विचारलं तर पप्पा पेपर उघडायचे.

जानेवारीत एका सकाळी तलावाकडच्या बाजूला पप्पा अचानक म्हणाले, "ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी दुकानाच्या उधारीची सगळी वही पाठ केली होती. म्हटलं, मला काही झालं तर तुझ्या आईला कुणी फसवायला नको." मी काही बोलले नाही. आम्ही तसेच चालत राहिलो. समोरासमोर बसून हे ते कधीच बोलले नसते. शेजारी शेजारी चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, म्हणून असेल.

त्या दिवशी घड्याळात ४,३०० पावलं झाली होती. पप्पांना वाईट वाटलं, त्यांना कुणीतरी १०,००० चा आकडा सांगितला होता. हा आकडा कुठून आला माहीत आहे? १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' असं होतं. थोडक्यात, जाहिरात! २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी १६ हजारांहून जास्त वयस्कर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा ४१ टक्के कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. हे मी पप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे आपण शंभर पावलांनी कमी पडलो." आणि फाटकापासून परत फिरून शंभर पावलं चालून आले. व्यापारी माणूस!

बाराशे आणि बारा

मे महिन्यात जालन्यात सकाळी आठलाच ऊन चटके देतं, आणि पारा चाळिशी पार करतो. तेव्हा आम्ही साडेपाचला निघून साडेसहाला घरी यायचो. उरलेल्या वेळात मी गच्चीवर सूर्यनमस्कार सुरू केले. पप्पा खुर्चीवर बसून मोजायचे. वाकण्या-उठण्याला डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत त्यांना चालण्याव्यतिरिक्त काही करायचं नव्हतं, पण सूचना करायला कुणाची परवानगी लागत नाही.

सूर्यनमस्कारांबद्दल जालनेकराला शिकवू नये. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये याच जिल्ह्यातल्या, घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा. लग्नाच्या बोहल्यावरून पळालेला हा मुलगा नाशिकजवळच्या टाकळीला जाऊन राहिला आणि तिथे बारा वर्षं रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत होता, असं परंपरा सांगते. पुढे त्यांनी गावोगावी मारुती बसवले आणि मारुतीच्या देवळाशेजारी तालीम हे महाराष्ट्रातलं नेहमीचं दृश्य झालं. विसाव्या शतकात औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा असा काही ध्यास घेतला, की १९३८ मध्ये त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. राजा स्वतः नमस्कार घालतोय म्हटल्यावर प्रजा काय करणार बिचारी!

बाराशेच्या गावातल्या माझा पहिल्या दिवसाचा आकडा होता तीन. तिसऱ्याला मी चटईवरच पालथी पडून राहिले. पप्पा म्हणाले, "अकराशे सत्त्याण्णव राहिले." महिन्याभरात बारा व्हायला लागले आणि त्यावर मी समाधानी आहे.

खरं तर खेळाडूंची या गावाला कमी नाही. २०१४ च्या अंडर-१९ वर्ल्ड कपला भारताचा कॅप्टन विजय झोल आमच्या जिल्ह्याचा. त्याने १९ वर्षांखालच्या कूचबिहार ट्रॉफीत महाराष्ट्राकडून एका डावात नाबाद ४५१ काढले होते. २०१८ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरी जालन्यात झाली. बाला रफिक शेखने अभिजित कटकेला हरवून गदा घेतली, तेव्हा पप्पा तिथे होते. "काय सांगू, सगळा दिवस बसून बघितलं," असं ते अजूनही अभिमानाने सांगतात. त्यातलं 'बसून' हे मी त्यांना दाखवून दिलं तेव्हा कुठे हसले.

खाडा

दिवाळीत सगळं बोंबललं. पाहुणे, फराळ, मग चुलतभावाचं लग्न. सलग नऊ दिवस खाडा! दहाव्या दिवशी मला वाटलं, संपलं. अकरा महिन्यांची मेहनत वाया. पुण्यातल्या जिमचं असंच झालं होतं. एकदा चार दिवस चुकले की पाचव्या दिवशी जायची लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून सहावा दिवसही जायचा.

इथे एक अभ्यास मला खरोखर उपयोगी पडला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना रोज एक नवी सवय लावायला सांगितली आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते बघितलं. '२१ दिवसांत सवय' हे आपण सगळीकडे वाचतो. त्यांना मिळालेला मधला आकडा होता ६६ दिवस. कुणाला १८ लागले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. आणि माझ्या कामाची गोष्ट म्हणजे, एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर त्याचा फारसा परिणाम होत नव्हता. आता नऊ दिवस म्हणजे एखादा दिवस नव्हे, हे मलाही कळतं. पण मी ते सोयीस्करपणे तसं वाचलं.

दहाव्या दिवशी गेलो. काकूंनी विचारलं, "फराळाला काय काय केलं होतं?" एवढंच. 'कुठे होतात' असं कुणी विचारलं नाही, की वजनकाट्यावर उभं केलं नाही.

ज्यांना सकाळी वेळच नाही, रोज जालना-संभाजीनगर अपडाऊन आहे, त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी माझ्याकडे एक कंडक्टर आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली. पगार, घर, खाणं साधारण सारखंच. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर तिकिटं फाडत शिफ्टमध्ये पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढणारा. हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांमध्ये बरंच कमी निघालं. त्यांनी व्यायाम म्हणून काहीच केलं नव्हतं, फक्त नोकरी केली होती! मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं सांगते, त्यातली बरीचशी जिन्यात आणि फोनवर फेऱ्या मारत भरता येतात. आमच्या बॉसचे कॉल पंचेचाळीस मिनिटं चालतात. त्यांचा हा एकमेव फायदा.

फोनवरची मोतीबाग

२०२५ च्या जानेवारीत मी पुण्याला परत आले. एचबीए-वन-सी ५.५ झाला होता. गाठोड्यात तिळाच्या वड्या आणि डोक्यात धाकधूक, की आता मी एकटी उठेन का? आणि त्याहून मोठी, पप्पा एकटे जातील का? माझ्या एचबीए-वन-सीचं काय व्हायचं ते होवो, पण त्यांच्या हृदयात स्टेंट आहे.

तेव्हा आम्ही एक युक्ती केली. सकाळी साडेसहाला मी वेताळ टेकडीवर, पप्पा मोतीबागेत, आणि दोघांच्या कानात फोन. टॉक टेस्टही त्यातच! मला चढावर धाप लागली की पप्पा म्हणायचे, "हळू." मोंढ्याची मालिका पुढे चालू राहिली. टेकडीवर माझ्या शेजारून हेडफोन घातलेली माणसं जायची, त्यांना वाटत असेल मी कसला तरी पॉडकास्ट ऐकतेय.

मार्चमध्ये एक दिवस साडेसहाला फोन आला नाही. मी लावला, उचलला नाही. पावणेसातला पुन्हा, सातला पुन्हा. आई झोपेतून उठून म्हणाली, "अंथरुणात तर नाहीत." मी टेकडीवर एका दगडावर बसून राहिले. आता गाड्या कुठल्या, याचा हिशेब डोक्यात सुरू झाला होता. हात गार पडले होते.

सव्वासातला फोन वाजला.

"अगं, फोन चार्जिंगलाच राहिला. मी जाऊन आलो की."

"एकटेच?"

"एकटा कशाला? अर्धा जालना असतोय तिथं," पप्पा म्हणाले. "आणि ऐक, आज पाच फेऱ्या झाल्या. तुझ्या किती?"